बाप्तिस्म्याची लाल

ऑलिव्हर, ब्रिटिश कोलंबिया
१९ फेब्रुवारी २०२४

विहीणबाई,

नमस्कार घातला असं समजा. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी बोलत असताना तुम्ही मध्येच ठेवून दिलात आणि वर माझ्या मुलाला, दुआर्तेला, सांगितलंत की लाइन कटली. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. ठेवलंत तरी ते टेबलावर पडून तुमच्याकडे बघत राहील.

आमच्याकडे जानेवारीत काय झालं ते दुआर्तेने सांगितलंच असेल. अशी थंडी पडली की पंपाचे नळ फुटले. तेव्हापासून मी रोज द्राक्षांच्या बागेत जाते, काडी तोडते आणि ब्लेडने कोंबाचा डोळा उभा कापून बघते. आत हिरवा हवा. सगळे तपकिरी निघतात. यंदा एक घड यायचा नाही, आणि जमिनीच्या वरचं सगळं लाकूड मेलंय हे मला कळून चुकलंय.

पण माझ्या नवऱ्याने, अनिबालने, साऱ्या गावाने वेड्यात काढलं तरी वेलींना कलम केलं नव्हतं. त्या स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. मूळ जगलं असेल तर वसंतात खालून फुटवा येईल आणि तो त्याच जातीचा असेल. तो फुटवा वाढवायचा, बांधायचा, परत वेल करायचा, म्हणजे तीन-चार वर्षांचं काम. माझ्या गुडघ्यांनी ते होणार नाही. दुआर्ते आला तर होईल. नाही आला तर शेजारी बलकार सिंग जमीन घ्यायला तयारच आहे, तो वेली उपटून सफरचंदं लावेल.

दुआर्तेचं म्हणणं असं की आपली लाल वाइन म्हणजे शनिवारी घ्यायची आणि रविवारी संपवायची. तेवढ्यासाठी बसलेला संसार उठवून चार प्रांत ओलांडून यायचं का? तिच्यात काही जीव असता, ती मुरून चांगली होणारी असती, तर आलो असतो म्हणतो. आता असा जीव आहे की नाही हे बघायला आपली नात जन्मली तेव्हाची जुनी बाटली हवी. माझ्याकडच्या अनिबालच्या मयताला संपल्या. जगात उरलेल्या बारा तुमच्या तळघरात आहेत. नातीच्या, बेनेदिताच्या बाप्तिस्म्याला मी आणलेली पेटी. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या नावाने वाइन ठेवतात, हे तेव्हाही तुम्हाला सांगितलं होतं आणि तेव्हाही तुम्ही नाक मुरडलं होतं.

त्या साथीच्या तापात दुआर्तेचं नाक गेलं ते गेलंच, त्याला वाइन आणि पाणी सारखंच. तोच म्हणाला, "सासूबाईंना उघडू दे. त्यांच्या तोंडून तुझ्या वाइनबद्दल चांगला शब्द निघाला तर तो खराच असणार." मला पटलं. तुमच्या जिभेतला विखार वजा केला तर चवीला ती पक्की आहे.

तेव्हा एक बाटली उघडा, चाखा आणि खरं ते सांगा.

ओदेत तावारेस


बीम्सव्हिल, ऑन्टारिओ
४ मार्च

विहीणबाई,

तुमच्या वेली गेल्या हे ऐकून वाईट वाटलं होतं. खरंच वाटलं होतं, वेल कुणाचीही असली तरी वेल असते. मग तुमचं पत्र आलं आणि वाईट वाटायचं थांबलं.

तुमचा डाव न कळायला मी काही कालची पोर नाही. तळघर माझं, बाटली माझ्या हाताने उघडायची, जीभ माझी, आणि तिने माझीच मुलगी या घरातून उठवून न्यायची. वा. लोरेदाना माझी एकुलती एक. माझा नवरा सिल्वानो गेल्यापासून या घरात जो काही आवाज आहे तो वरच्या मजल्यावरून येतो, आणि त्यातला बराचसा बेनेदेत्ताच्या पायांचा असतो. हो, बेनेदेत्ता. जन्मदाखल्यावर तसंच लिहिलंय. तुम्ही मात्र गेली सहा वर्षं तिला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने वाढदिवसाची कार्डं पाठवताय.

दुआर्ते इथे सुखात आहे. फुलांच्या काचघरात त्याला नोकरी आहे, तिथे जानेवारीतही ऊब असते. त्याला ओढून तुम्हाला त्या मेलेल्या लाकडात उभा करायचाय. तुमची हौस, आणि घर मात्र माझं मोडायचं.

आणि त्या पेटीचं म्हणाल, तर लोक बाळाला सोन्याची साखळी आणतात, चांदीचा चमचा आणतात. तुम्ही दुकानात खालच्या फळीवर मिळणारी वाइन घेऊन आलात आणि जणू वारसा देताय अशा थाटात ठेवलीत. तरी ती मी सिल्वानोच्या वाइनशेजारीच ठेवली आहे. अंधारात, गारव्याला, एकदाही न हलवता. दुश्मनाची झाली म्हणून वाइन उन्हात ठेवणारी बाई मी नाही.

ईस्टरला उघडेन. काय निघेल ते कळवीन. तुमचा जीव सुखावेल असं काही वाचायला मिळेल ही आशा मात्र सोडा.

पिएरिना झानकेत्ता


ऑलिव्हर
१३ मार्च

विहीणबाई,

उघडणार म्हणालात, उपकार झाले. आता ऐका, कारण तुमच्याकडे वाइन कशी पितात ते मी लग्नात बघितलंय.

ईस्टरच्या आधी बाटली एक-दोन दिवस उभी ठेवा, गाळ खाली बसू दे. सकाळीच उघडून ठेवा, जेवताना ओता. पहिला घोट नुसता घ्या, मग पावाबरोबर घ्या. कोकराचं मटण नंतर. लसूण घातलेलं काही त्याआधी तोंडात टाकू नका. तुमच्या त्या जाड काचेच्या पेल्यांतून नको. आणि लिंबूसोडा तिच्या जवळपासही आणू नका. वाइनमध्ये दोन हिस्से मेर्लो आणि एक हिस्सा काबर्ने फ्रां द्राक्ष आहे, तेव्हा पहिल्यांदा जरा तुरट लागेल. तुरट आणि आंबट यांतला फरक तुम्हाला कळतो असं धरून चालते.

तुमची मुलगी मी पळवत नाहीये. माझा मुलगा लग्न झाल्यापासून तुमच्या वरच्या मजल्यावर राहतोय, तेव्हा मी कुठे पोलिसात गेले? लग्नात तुम्हीच म्हणाला होतात, लेकरं सुखी राहोत, कुठेही राहोत. त्या "कुठेही"चा अर्थ "माझ्या डोक्यावर" असा होता हे तेव्हा कळलं नाही.

साखळ्या नातीला मीही घेऊ शकत होते. साखळी कुणीही देतं.

ओदेत


बीम्सव्हिल
५ एप्रिल

विहीणबाई,

उघडली. एक नव्हे, दोन उघडल्या, नंतर तुम्ही म्हणायला नको की एखादीच खराब निघाली असेल.

पहिलीचं बूच स्क्रू लावताच भुसा होऊन आत पडलं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. दुसरीचं बूच शाबूत निघालं, म्हणून मला क्षणभर वाटलं की हिच्यात काहीतरी असेल. कसलं काय. रंग जुन्या विटेसारखा, आणि घोट घेतला तो तसाच बेसिनमध्ये टाकावा लागला. फळ नाही, अंग नाही, नुसता आंबटपणा. तो आंबटपणाच म्हणतेय मी, तुरटपणा नव्हे. फरक कळतो मला.

स्वस्त वाइन मुरत नाही, विहीणबाई. ती नुसती म्हातारी होते. अनिबाल भला माणूस होता, आणि त्याने ती शनिवारी पिण्यासाठीच केली होती. तिच्याकडून यापेक्षा जास्त मागणं हा तुमचाच हट्ट.

दुआर्तेला सांगितलं. तो गराजमध्ये जाऊन बसला. लोरेदानाने मोठा सुस्कारा सोडला, तिच्या मनावरचं ओझं उतरलं असणार. इथे सगळे ठीक आहोत. तुमचा तो शेजारी जमीन घेत असेल तर देऊन टाका, या वयात कशाला छातीशी धरून बसायची.

बाकीच्या बाटल्या नको असतील तर सांगा, सॅलडला सिरका म्हणून वापरीन.

पिएरिना


ऑलिव्हर
१४ मे

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला. तुमचा राग खरा असतो म्हणून तुमचा शब्दही खरा असणार, एवढी मी मूर्ख. त्या आठवड्यात मी बागेत पाऊल टाकलं नाही. अनिबालच्या थडग्यावर गेले आणि त्याला सांगितलं की तुझ्या लालला जीव नव्हता, आपण उगाच राबलो. मेलेल्या माणसाला मी हे सांगून आले. मग बलकारला बोलावलं आणि जमीन घे म्हणाले.

परवा तो बोलणं पक्कं करायला आला. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून मी अलीकडच्या वर्षाची एक बाटली काढली, झाकण पिळलं, ते करकरलं, आणि मी हातात झाकण घेऊन तशीच उभी राहिले. बलकारने दोनदा विचारलं, भाभी, बरं वाटत नाही का.

आमच्या लालला बूच नसतं, विहीणबाई. कधीच नव्हतं. पहिल्या वर्षापासून फिरकीचं झाकण. अनिबाल म्हणायचा, रोजच्या वाइनला बूच म्हणजे कामाच्या बुटांना रेशमी नाडी. तुम्ही जन्मभर सिल्वानोच्या बाटल्यांची बुचं काढलीत, म्हणून खोटं लिहायला बसलात तेव्हा हाताने आपसूक बूच लिहिलं. आणि एक नव्हे, दोन बुचं! एक भुसा झालेलं, दुसरं शाबूत. पेटीची पट्टीसुद्धा फाडली नाहीत तुम्ही. बेसिनमध्ये थुंकलात म्हणे. काय थुंकलात? स्वतःची लाळ?

मला इतका राग आलाय की तीन वेळा हे पत्र लिहून फाडलं. त्या फाडलेल्या पत्रांतले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत, पण ते तुमच्यासाठीच होते एवढं समजून असा.

दुआर्तेला मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो तुमच्या घरात एक दिवस थांबणार नाही, लोरेदाना रडत रडत त्याच्यामागे येईल आणि जन्मभर मला दोष देईल. अशी सून मला नको. तुमच्यावर दया येऊन गप्प बसलेय असं समजू नका.

बागेत मुळांशी फुटवे आलेत. सगळ्या वेलींना नाहीत, पण निम्म्याहून जास्त वेलींना आहेत, बोटाएवढे, लालसर टोकांचे. बलकारला जूनअखेरपर्यंत थांब म्हटलंय. माझं मन फिरलंय हे त्याला बहुतेक कळलं, तो हसला आणि वाइन संपवून गेला.

आता खरंच उघडा. सगळ्यांसमोर उघडा. तुम्ही जे सांगाल ते मी मान्य करीन. परत खोटं बोललात तरी मान्य करीन, पुन्हा पत्र लिहिणार नाही आणि दुआर्तेलाही काही बोलणार नाही. जगात ती बाटली चाखून सांगेल असं दुसरं कुणी नाही. मला तुमच्या हातात पडावं लागतंय, याचं मला काय वाटत असेल ते तुम्हीच बघा.

ओदेत


बीम्सव्हिल
४ जून

विहीणबाई,

हो. उघडली नव्हती.

माफी मागणार नाही. तुम्ही माझ्या जागी असतात तर हेच केलं असतंत. फरक एवढाच की तुम्हाला झाकण आठवलं असतं.

न उघडण्याचं कारण विचाराल तर तेही सांगते, म्हणजे तुमचं समाधान होईल. पेटी समोर ठेवून बसले होते. पण चाखून चांगली निघाली असती तर मला खोटं बोलता आलं नसतं. चवीच्या बाबतीत मी कधी खोटं बोललेली नाही, सिल्वानोशीसुद्धा नाही, आणि त्याच्या काही वाइन भयंकर होत्या. म्हणून चाखलीच नाही.

रविवारी उघडली. घरच्यांना म्हणाले, ईस्टरच्या दोनच खराब असतील, आणखी एक बघू. तुम्ही म्हणालात तशी उभी ठेवली, सकाळीच झाकण काढलं, पातळ काचेचे पेले घेतले. या वेळी झाकण नीट ध्यानात ठेवून खोटं बोलायचं ठरवलं होतं. त्यासाठी तुम्हीच मला मोकळीक दिली होती. आंबली आहे म्हणायचं, तोंड वाकडं करायचं, झालं. लोरेदानाला सगळ्याच वाइन सारख्या लागतात, ती काही बोलली नसती.

रंग गर्द होता, कडेला जरासा विटकरी. नाकाशी नेला तर आधी काहीच नाही, मग वाळवलेली चेरी, मग तुमच्या त्या उघड्या टेकड्यांवर झुडुपं असतात ना, हातात चुरडली की वास येतो, तो वास. लग्नानंतर आम्ही आलो होतो तेव्हा तुम्ही मला एक काडी तोडून दिली होतीत आणि मी ती गाडीत फेकून दिली होती. घोट घेतला. तुरटपणा मऊ झालाय, पण गेलेला नाही. गिळल्यावरही चव रेंगाळत होती. मी दुसरा घोट घेतला.

समोर दुआर्ते पेला हातात धरून होता. सवयीने त्याने तो नाकाशी नेला, काही आलं नाही, खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत बसला. डोळे गेलेला माणूस पत्र दुसऱ्याच्या हातात देऊन वाट बघत बसतो तसा. म्हणाला, "मम्मा, कशी आहे?"

मी म्हणाले, "चांगली आहे." मग परत म्हणाले, "खूप चांगली आहे. तुझ्या वडिलांना हे माहीत होतं का?"

तो रडला. एवढा मोठा बाप्या माझ्या टेबलावर रडला, आणि पोर घाबरून त्याच्या मांडीवर जाऊन बसली. मी लोरेदानाकडे बघितलं. मला वाटलं ती तरी हट्ट धरेल, इथेच राहू म्हणेल. तिने जायचं का असं विचारलंच नाही. तिने विचारलं, कधी निघायचं. ईस्टरला तिने सोडलेला सुस्कारा कसला होता ते मला तेव्हा कळलं. तुम्हाला मुलगी नाही, त्यामुळे हे कसं लागतं ते तुम्हाला कळायचं नाही, आणि कळावं अशी माझी इच्छाही नाही. तुम्ही जिंकलात. तुमचा मला तिटकारा आहे.

शाळा संपली की निघताहेत. पण बाटल्या इथेच राहतील. दुआर्ते गाडीत घालून नेऊ म्हणत होता, मी तळघराची किल्ली खिशात घातली. एवढ्या लांबच्या रस्त्याने हिंदकळत, उन्हात तापत जाण्याइतकी ताकद आता तिच्यात नाही, हे तुम्हीही नाकारणार नाही. वर्षाला एक बाटली उघडायची, माझ्या टेबलावर, बेनेदेत्ता समोर बसलेली असताना. ज्याला प्यायची असेल त्याने इथे यावं. ही माझी अट आहे, आणि दोघांनी ती मान्य केली आहे.

आता एक विचारते, आणि खरं सांगा, मीही शेवटी खरं सांगितलंय. ती वाइन अजून किती वर्षं टिकेल?

पिएरिना


ऑलिव्हर
२२ सप्टेंबर

विहीणबाई,

पोचले, ते तुम्हाला कळलंच आहे, रोज रात्री व्हिडिओवर बोलणं चालू असतं. उशीर झाला उत्तराला. काम होतं.

फुटवे दुआर्तेने बांधले. लोरेदानाला उन्हाची सवय नाही, मान भाजली, तरी कात्री सोडत नाही. तुमच्याच वळणाची आहे, मी सांगितलेलं काही ऐकत नाही. पोरीला माझं सूप आवडत नाही. नॉन्नाचं, म्हणजे तुमचं, असं नसतं म्हणते. मी म्हटलं, नॉन्नाचं मिळत नाही तोवर हेच खा. तरी तिने वाटी सरकवली.

तिटकाऱ्याचं तुम्ही लिहिलंत, ते वाचलं. माझंही तुमच्याबद्दलचं मत बदललेलं नाही. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात आणि त्या खोट्यापायी मी अनिबालच्या थडग्यावर जाऊन त्याचा अपमान करून आले. ते मी विसरणार नाही. परत जाऊन त्याला खरं सांगून आले, पण आधीचं बोललेलं परत घेता येत नाही.

तुम्ही विचारलंत ते सांगते. तीन वर्षं. फार तर चार. आत्ता ती उंचीवर आहे. इथून पुढे दरवर्षी फळ उतरत जाईल, चेरी जाईल, झुडपाचा वासही जाईल, मग तुम्ही ईस्टरच्या पत्रात लिहिलं होतंत तशी होईल. अनिबालने ती एवढी टिकण्यासाठी केलीच नव्हती, ती टिकली हेच नवल. तुमच्या जिभेला हे त्याच घोटात कळलं असणार, तरी तुम्ही मला विचारलंत. का विचारलंत ते मला कळतं.

परवा बागेत दुआर्ते म्हणाला, दरवर्षी एवढ्या लांब जायचं म्हणजे छाटणीचे दिवस मोडणार. येत्या उन्हाळ्यात एकदाच जाऊ, सासूबाईंकडे महिनाभर राहू आणि राहिलेल्या सगळ्या एकदम संपवून टाकू. मग मला विचारलं, "आई, बाबांबरोबर तूही केलीस ना ती. टिकेल किती वर्षं?"

मी म्हटलं, "बेनेदिताच्या लग्नापर्यंत टिकेल. वर्षाला एकच उघडायची मात्र, घाई केली तर वाया जाईल."

त्याने मानलं. आम्ही दोघांनी केलेली वाइन, माझा शब्द, आणि त्याला नाक नाही. पुढे ती कशी निघाली हे दरवर्षी त्याला तुम्हीच सांगणार आहात. काहीही निघालं तरी घोट गिळा आणि चांगली आहे म्हणा.

ओदेत